लांब, जड आणि बुटकी: क्रूझर मोटारसायकल सुरक्षित कशी चालवावी व तिची निगा कशी राखावी

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अनेक वर्षे दीडशे सीसीची हलकी मोटारसायकल चालवल्यानंतर आपण सुमारे ३०० किलो वजनाची, व्ही-ट्विन (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात दोन सिलिंडर असलेल्या) इंजिनाची एक जुनी क्रूझर घेतली आहे. सीट खाली असल्यामुळे दोन्ही पाय पूर्ण टेकतात आणि सरळ रस्त्यावर गाडी फार स्थिर वाटते. मात्र एका वळणात फूटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायची पट्टी, रस्त्याला घासला, त्या आवाजाने आपण दचकलात आणि गाडी पलीकडच्या लेनमध्ये गेली. आता चालवण्याच्या कोणत्या सवयी बदलाव्यात आणि गाडीची निगा कशी राखावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. अशा गाड्यांची दुरुस्ती करण्यात आणि चालकांना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो: क्रूझरवर बसताच जो निवांतपणा वाटतो तो खरा असला तरी अर्धाच आहे, कारण ज्या रचनेमुळे ती सरळ रस्त्यावर स्थिर राहते, त्याच रचनेमुळे ती वळणात, संथ गतीत आणि ब्रेक लावताना हलक्या गाडीहून वेगळी वागते.

ही रचना आधी समजून घ्यावी. पुढच्या व मागच्या चाकाच्या अक्षांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, हलक्या गाडीत १३०० मिलिमीटरच्या आसपास असते, तर मोठ्या क्रूझरमध्ये ते १६०० ते १७०० मिलिमीटरपर्यंत जाते. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्या, उभ्या रेषेपासून साधारण ३० अंश किंवा त्याहूनही अधिक तिरका असतो, त्यामुळे पुढचे चाक सतत सरळ राहू पाहते. सीट खाली आणायची म्हणजे इंजिन, सायलेन्सर आणि फूटबोर्ड हे सगळे जमिनीच्या जवळ येते. परिणामी वळणात गाडी किती कलू शकते याला लोखंडाची मर्यादा पडते. स्पोर्ट्स बाइक ४५ अंशांपलीकडेही कलते. बहुतेक क्रूझरचा फूटबोर्ड किंवा फूटपेग मात्र ३० अंशांच्या आसपास, काहींचा त्याआधीच, रस्त्याला टेकतो.

या मर्यादेचा वेगाशी असलेला संबंध आकड्यांत पाहिला की तो विसरला जात नाही. ४० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ५० किलोमीटर वेगाने घेताना साधारण २६ अंशांचा कल लागतो. तेच वळण ताशी ६० ने घेतले तर ३५ अंश लागतात. वेग केवळ दहाने वाढला, पण पहिल्या वेगात आपण सुरक्षित होतात आणि दुसऱ्या वेगात गाडीकडे तेवढा कल उपलब्धच नाही. शिवाय हे गणित सडपातळ टायर गृहीत धरून केलेले आहे. रुंद टायर आणि खाली असलेला गुरुत्वमध्य यांमुळे क्रूझरला त्याच वळणासाठी प्रत्यक्षात आणखी थोडे जास्त कलावे लागते. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी उभी आणि सरळ असतानाच. मी शिकणाऱ्यांना सांगतो की, वळणात शिरताना वेग जरा कमीच वाटला पाहिजे आणि शिरल्यानंतर थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) अगदी हलकेच उघडत राहिले पाहिजे.

आता आपल्या प्रसंगाकडे येतो. फूटबोर्ड बिजागरीवर बसवलेला असतो आणि टेकल्यावर तो वर दुमडतो. घासण्याचा तो आवाज ही सूचना आहे, अपघात नव्हे. खरा धोका त्यानंतरच्या दोन चुकांत असतो. पहिली चूक म्हणजे दचकून थ्रॉटल एकदम बंद करणे: गाडी पुढे दबते, जमिनीपासूनची उंची आणखी कमी होते आणि फूटबोर्डमागचा न दुमडणारा भाग, म्हणजे फ्रेम किंवा सायलेन्सर, रस्त्यावर टेकून चाक उचलले जाऊ शकते. दुसरी चूक म्हणजे गाडी झटकन उभी करणे, जी आपल्याकडून झाली. उभी झालेली गाडी सरळ जाते आणि वळणाची बाहेरची बाजू समोरच्या वाहनांची असू शकते. आवाज आला तर थ्रॉटल आहे तेथेच धरावे, नजर वळणाच्या शेवटावर ठेवावी आणि कंबरेपासून वरचे शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवावे. शरीर आत गेले की तेच वळण घेण्यासाठी गाडीला थोडे कमी कलावे लागते, आणि ते दोन-तीन अंश पुरतात.

वळवण्याची क्रियाही येथे जाणीवपूर्वक करावी लागते. हलकी गाडी अंग झुकवले तरी वळते, म्हणून अनेक चालकांना वर्षानुवर्षे हे कळतच नाही की, वेगात असताना डावीकडे वळण्यासाठी डावे हँडल पुढे ढकलावे लागते. याला काउंटरस्टिअरिंग म्हणतात. ३०० किलोची लांब गाडी केवळ अंग झुकवून तातडीने दिशा बदलत नाही. तिला हँडलावर ठाम, गुळगुळीत दाब द्यावा लागतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ४० च्या वेगात डाव्या तळव्याने हलका दाब देऊन पाहावा, मग उजव्या. गाडी हातात येऊ लागल्याची पहिली जाणीव बहुतेकांना याच सरावात होते.

ब्रेकच्या बाबतीत क्रूझर चालकांमध्ये दोन टोकांचे समज आढळतात. काहीजण जुन्या भीतीपोटी पुढच्या ब्रेकला हातच लावत नाहीत, तर काहीजण हलक्या गाडीच्या सवयीने मागचा ब्रेक निरुपयोगी मानतात. ब्रेक लावल्यावर किती भार पुढे सरकेल हे गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस यांच्या गुणोत्तरावर ठरते. क्रूझर बुटकी आणि लांब असल्यामुळे जोरदार ब्रेकमध्येही तिच्या मागच्या चाकावर एकूण भाराचा जवळजवळ एकतृतीयांश हिस्सा शिल्लक राहतो, तर उंच व आखूड गाडीत तो सहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. म्हणजे क्रूझरचा मागचा ब्रेक खरोखर काम करतो, पण दोन हिस्से काम तरीही पुढच्याच ब्रेकचे आहे. ताशी ८० च्या वेगात, कोरड्या रस्त्यावर, दोन्ही ब्रेक नीट वापरले तर गाडी साधारण ३० ते ३२ मीटरमध्ये थांबते. फक्त मागच्या ब्रेकने तेच अंतर जवळजवळ दुप्पट होते. त्याआधी, धोका दिसल्यापासून बोटे दाबेपर्यंतच्या एका सेकंदात गाडीने २२ मीटर कापलेले असतात, हेही धरावे.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला आणि १९८१ मध्ये त्याचा अहवाल आला. अपघातात सापडलेला चालक सहसा मागचे चाक लॉक करून घसरवतो आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरत नाही, शिवाय काउंटरस्टिअरिंग करून अडथळा चुकवण्याचे कौशल्य त्याच्याकडे जवळजवळ नसतेच, असे त्यात नोंदवले होते. इतक्या वर्षांनंतर शिकायला येणाऱ्यांमध्ये मी नेमक्या याच दोन उणिवा पाहतो. पुढचा लिव्हर एका झटक्यात न ओढता आधी हलका दाबावा, पुढचा फोर्क दबून टायरवर भार आला की दाब वाढवत न्यावा. हा सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा आहे, पण तो सरावाशिवाय येत नाही. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर सरळ रेषेत त्याचा मोठा आधार असतो. मात्र साधे एबीएस कललेल्या गाडीसाठी बनवलेले नसते, त्यामुळे वळणात जोराचा ब्रेक लावताना त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो संथ गतीला, कारण मी पाहिलेल्या क्रूझर बहुतांश चालण्याच्या वेगात पडल्या आहेत. प्रसंग जवळजवळ नेहमी सारखाच असतो. चालक यू-टर्न घेत असतो किंवा पार्किंगमध्ये वळत असतो. हँडल एका बाजूला पूर्ण वळलेले असते, मध्येच कोणी आडवे येते आणि चार बोटे सवयीने पुढच्या लिव्हरवर बसतात. पुढचे चाक जागच्या जागी थांबते, सगळे वजन वळलेल्या बाजूला जाते आणि पाय टेकेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ३०० किलोची गाडी १० अंश कलली तर ती हँडलपाशी धरून ठेवायला सुमारे २३ किलोचा जोर लागतो. २० अंश कलली की तो ४५ किलोच्या पुढे जातो. पहिला जोर बहुतेकांना झेपतो, दुसरा झेपत नाही, आणि या दोहोंमध्ये जेमतेम क्षणभराचे अंतर असते. खाली असलेली सीट येथे फसवते: पाय टेकतात म्हणून वजन पेलेल असे वाटते.

यावरचा नियम असा की, हँडल वळलेले असताना आणि वेग चालण्याइतका असताना पुढच्या ब्रेकवर बोटे ठेवूच नयेत. थ्रॉटल किंचित उघडे आणि स्थिर, क्लच अर्धा सुटलेला, आणि वेग आवरण्यासाठी मागचा ब्रेक हलका दाबलेला, अशा तिन्हींच्या ताणात गाडी धरली की ती एखाद्या दोरीवर बांधल्यासारखी स्थिर राहते. वेग क्लचने कमी-जास्त करावा, थ्रॉटलने नव्हे. नजर पुढच्या चाकाजवळच्या जमिनीवर गेली की गाडी त्याच जागी पडते. मान पूर्ण वळवून जेथे जायचे आहे तेथे पाहावे. मोकळ्या जागेत आधी सरळ रेषेत शक्य तितके हळू चालवावे, मग मोठे गोल घ्यावेत, आणि ७ ते ८ मीटर रुंदीत यू-टर्न जमेपर्यंत गोल लहान करत जावेत. तेलात बुडालेला, म्हणजे वेट क्लच, हा सराव चांगला सोसतो. तरी दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून त्याला आणि इंजिनला निवू द्यावे, कारण हवेवर थंड होणारे इंजिन उभ्या गाडीत लवकर तापते.

इतके करूनही गाडी पडू लागली तर एका मर्यादेनंतर तिला सोडून द्यावे आणि पाय बाजूला काढावा. गुडघा आणि पाठ यांना पर्यायी भाग मिळत नाहीत. पडलेली गाडी उचलताना आधी इंजिन बंद करावे. ती उजवीकडे पडली असेल तर उचलण्यापूर्वीच साइड स्टँड बाहेर काढून गिअर टाकावा, नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे पडते. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवून सीटच्या कडेला पाठ टेकवावी, एका हाताने खालच्या बाजूचे हँडल आणि दुसऱ्याने मागचा मजबूत भाग धरावा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे मागे लहान पावले टाकत तिला उभे करावे. पार्किंगच्या उतारावर तोंड खाली करून गाडी कधीही लावू नये. तेथून ती मागे ओढून काढणे एकट्याच्या बळाबाहेरचे असते. जमीन मऊ असेल किंवा उन्हाने डांबर पातळ झाले असेल तर साइड स्टँडखाली एक पसरट पत्रा ठेवावा.

खराब रस्त्याबद्दल थोडक्यात. क्रूझरच्या मागच्या सस्पेन्शनची हालचाल पुष्कळदा ७५ ते १०० मिलिमीटरच असते, आणि पाय पुढे असल्यामुळे खड्ड्यावर पायांवर उभे राहून धक्का चुकवता येत नाही. तो थेट माकडहाडावर येतो. म्हणून खड्ड्याआधी वेग कमी करणे हाच उपाय आहे. मागे कोणी बसणार असेल किंवा सामान असेल तर शॉकअब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवावा, अन्यथा मागचा भाग बसतो आणि फूटबोर्ड आणखी लवकर घासतो.

आता निगा. सर्वांत आधी टायर, कारण एवढ्या वजनाखाली हवा थोडी कमी झाली तरी गाडी वळणात जड आणि सुस्त होते, आणि चालक तो गाडीचा स्वभाव समजतो. माझ्याकडे ‘हँडल जड झाले’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत ३६ पीएसआय हवी असताना २८ असे. हवा आठवड्यातून एकदा, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. चालून तापलेल्या टायरमध्ये ती जास्त दाखवते. टायरच्या भिंतीवर चार अंकी तारीख असते: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. जुन्या गाडीत नक्षी भरपूर शिल्लक दिसली तरी ही तारीख पाहावी, कारण उभ्या गाडीचे रबरही कडक होते. भिंतीवर बारीक चिरा असतील तर नक्षीकडे न पाहता टायर बदलावा. सरळ रस्त्यावर जास्त चाललेला मागचा टायर मध्ये चपटा होतो. अशी गाडी वळणात शिरताना आधी अडते आणि मग अचानक कलते.

चाके आऱ्यांची असतील तर प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलके वाजवून पाहावे. घट्ट आरा खणखणीत वाजतो, सैल आरा बद्द आवाज देतो. एक सैल आरा शेजारच्या आऱ्यांवर भार टाकतो आणि काही महिन्यांत ते तुटू लागतात.

ऑइलविषयी माझी स्वतःची चूक सांगतो. उमेदवारीच्या काळात मी एका ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) इंजिनाचे ऑइल, गाडी आठवडाभर उभी असताना, थंडच मोजले. पातळी खाली दिसली म्हणून भर घातली. प्रत्यक्षात टाकीतले ऑइल हळूहळू उतरून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या डब्यात, गेले होते. गाडी चालू झाल्यावर ते परत टाकीत आले, जास्त झाले आणि ब्रीदरमधून (इंजिनातील हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन उजव्या बुटावर ठिबकू लागले. तेव्हापासून पातळी गरम मोजायची की थंड, गाडी उभी धरून की साइड स्टँडवर, हे माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय मी ऑइल मोजायच्या काठीला हात लावत नाही. काही क्रूझरमध्ये इंजिन, प्रायमरी (इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारा भाग) आणि गिअरबॉक्स यांचे ऑइल वेगवेगळे असते. जुन्या मालकाने यांतले एकच बदललेले असण्याची शक्यता मोठी असते. इंजिनाच्याच ऑइलमध्ये क्लच बुडालेला असेल तर डब्यावर जासो (जपानी मानक संस्था) एमए किंवा एमए२ हे मानक पाहावे. एमबी मानकाच्या ऑइलने क्लच घसरू शकतो.

मागच्या चाकाला ताकद पोहोचवणारा भाग बेल्ट, चेन किंवा शाफ्ट यांपैकी एक असतो. बेल्टला तेल लावू नये. त्यात अडकलेला खडा शोधावा, कारण तो दात्यांमध्ये दाबला जाऊन आतील धागे तोडतो आणि तुटण्याआधी बेल्ट फारसा इशारा देत नाही. चाक हाताने फिरवत बेल्टच्या दोन्ही बाजू उजेडात पाहाव्यात: आरपार भोक, उचकटलेली कड किंवा निघालेला दात दिसला तर लांबचा प्रवास रद्द करावा. चेन असेल तर दर ५०० किलोमीटरच्या आसपास साफ करून तेल द्यावे, आणि हे काम इंजिन बंद ठेवूनच, चाक हाताने फिरवत करावे. फिरत्या चेनमध्ये फडके अडकून बोटे गेलेली मी पाहिली आहेत. शाफ्टला रोजची निगा नाही, पण त्याच्या मागच्या डब्यातील ऑइल ठरलेल्या मुदतीत बदलावे लागते, आणि ते हमखास विसरले जाते.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. डॉट ४ या मानकाचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नवे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंश इतकी खाली धरली जाते. लांब घाटउतारावर जड गाडी ब्रेकवर धरून उतरवताना ते उकळून वाफ झाली तर लिव्हर थेट हँडलला टेकतो. म्हणून उतरतानाही खालचा गिअर ठेवून इंजिनाचा अडथळा वापरावा. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते आणि डॉट ४ मध्ये मिसळत नाही, डॉट ५.१ मात्र वेगळे, डॉट ४ च्याच कुळातले आहे. नावाच्या साम्यामुळे येथे घोटाळा होतो, म्हणून मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेक ऑइलच्या डबीच्या, झाकणावर काय कोरले आहे ते वाचूनच बाटली उघडावी.

मोठ्या व्ही-ट्विनची थरथर हौसेने ऐकली जाते, पण तीच नट-बोल्ट सैल करते. दर हजार किलोमीटरला सायलेन्सर, फूटबोर्ड, आरसे आणि ब्रेक कॅलिपर यांचे बोल्ट तपासावेत. महत्त्वाचे बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) आवळावेत. बॅटरी काही तास उभी असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट आणि इंजिन वेगात असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. मोठ्या सिलिंडरांना फिरवायला स्टार्टरला भरपूर करंट लागतो, त्यामुळे अशक्त बॅटरी येथे लवकर उघडी पडते. ती काढताना ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे.

आपली गाडी जुनी असल्यामुळे आणखी एक तपासणी आवर्जून करावी. आधीच्या मालकाने उंच हँडल बसवले असेल तर ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लचची केबल, थ्रॉटलची केबल आणि ब्रेकचा पाइप कोठे ताणला जातो का ते पाहावे, आणि इंजिन चालू ठेवून वळवताना त्याचा आवाज वाढतो का तेही ऐकावे. वाढत असेल तर केबल आखूड पडते आहे. मग पुढचे चाक उचलून फोर्कची खालची टोके पुढे-मागे हलवावीत; ‘टक्’ असा खेळ जाणवला तर स्टिअरिंगची बेअरिंग सैल आहे, आणि वेगात गाडी डुलण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. बहुतेक क्रूझरना मधला स्टँड नसतो, म्हणून जॅक फ्रेमच्या नळ्यांखाली लावावा, ऑइल पॅनखाली नव्हे, आणि गाडी पट्ट्याने बांधल्याशिवाय तिच्याखाली हात घालू नये. इंजिन चालू ठेवून करायची कामे बंद खोलीत करू नयेत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

शेवटी घासलेला फूटबोर्ड. त्याच्या खाली घासण्यासाठीच दिलेली एक गुंडी किंवा पट्टी असते. ती झिजून संपली असेल तर नवी बसवावी, कारण ती नसल्यास पुढच्या वेळी सूचनेचा आवाज उशिरा येईल. बिजागरी हाताने वर दुमडून ती अडत नाही ना हे पाहावे. घासलेली बाजू उजवी असेल तर फूटबोर्डला धरणारा कंस वाकून मागच्या ब्रेकचा पेडल फूटबोर्डला टेकत नाही ना, आणि पेडल सोडल्यावर मागचे चाक मोकळे फिरते ना, हे पुढचा प्रवास सुरू करण्यापूर्वी तपासून घ्यावे; डावी असेल तर गिअरच्या लिव्हरची जोडणी तशीच पाहावी.